चेरीखालचा सांधा

पत्र्याच्या डब्याला जीव नसतो, तो मुद्दाम कुणाला छळत नाही, हे मावशीला मान्य होतं. तरीही समोरचा डबा आपल्याकडे बघून दात काढतोय, अशी तिची सकाळपासून खात्री होत चालली होती. झाकणावर लॉलीपॉपचं वेटोळं काढायचं होतं. मधोमध एक टिंब, तिथून निघून बाहेर बाहेर जाणारी गुलाबी रेघ, सारख्या जाडीची, सारख्या अंतराची, कडेला येऊन संपणारी. बस्स, एवढंच. शाळेतलं पोरही पाटीवर काढेल. मावशीने ते आत्तापर्यंत सात वेळा काढलं होतं आणि सातही वेळा त्याची गोगलगाय झाली होती. तीही कुणाच्या तरी पायाखाली आलेली.

तिने टर्पेंटाइनचं फडकं उचललं आणि सातवी गोगलगाय पुसून टाकली.

"मावशी, पुसायचं नाही," पलीकडच्या टेबलावरून भाची म्हणाली. मान वर न करताच म्हणाली. तिला वासावरून कळायचं.

हा कारखाना भाचीचा, म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचा. कारखाना म्हणायचं आपलं; एका जुन्या गोदामातल्या दोन खोल्या, पाच टेबलं, हाताखाली तिघी रंगारणी आणि छतापर्यंत गेलेल्या फळ्या. रोज वापरायच्या साध्या वस्तू आणायच्या, डबे, ट्रे, किटल्या, घड्याळाच्या तबकड्या, आणि हाताने रंगवून दुकानांना द्यायच्या. या वर्षी भाचीच्या डोक्यात नवी नक्षी आली होती. फुलंपानं सगळेच काढतात, आपण खाऊ काढू. डब्याच्या झाकणावर लॉलीपॉपचं वेटोळं, पोटावर पेपरमिंटच्या गोळ्यांचे पट्टे, वरच्या कडेला केकवर असते तशी क्रीमची झालर. आणि कारखान्याचा नियम तोच, जो पहिल्या दिवसापासून होता: पेन्सिल नाही, साचा नाही, पुसापुशी नाही. ब्रश एकदा टेकला की टेकला. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण भाचीच्या तोंडून दिवसातून इतक्यांदा निघायचा की लिहायची गरजच पडली नव्हती.

केक-क्रीम म्हटल्यावर तिला मावशीच आठवणार. मावशी म्हणजे काही नवशिकी बाई नव्हे. तिने सव्वीस वर्षं एका बेकरीच्या मागच्या खोलीत केक सजवले होते. क्रीम भरलेल्या कागदी कोनातून गुलाब, झालरी, वेण्या, जाळ्या. एका दमात पन्नास गुलाब काढायची, आणि त्यातला एक उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला असता तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. मग बेकरीच्या मालकांनी यंत्र आणलं. साखरेच्या पातळ कागदावर चित्र छापायचं आणि केकवर चिकटवून मोकळं व्हायचं. गुलाब तयार खोक्यातून यायला लागले, चावले तर दात पडतील असे. मावशीला पुढे काउंटरवर आणलं, खोक्यांना दोरी बांधायला.

तेही तिने सोसलं असतं. पण एका दिवशी यंत्रातली शाई संपली आणि मालकांनी हळूच तिला मागे बोलावून एक केक करून घेतला. दुपारी तो न्यायला बाई आली, तिने खोक्याचं झाकण उचलून पाहिलं आणि म्हणाली, "हल्ली मशीन किती सफाईदार काढतं, नाही?" मावशीच्या हातात दोरी होती. ती म्हणाली, "हो." गाठ मारली आणि खोकं पुढे सरकवलं. त्या 'हो'वर ती पुढचे कित्येक दिवस स्वतःला शिव्या घालत होती. महिना भरला आणि तिने बेकरी सोडली.

आता भाचीने तिला खिडकीजवळचं टेबल दिलं होतं, पण उसनं. शनिवारी एका मोठ्या दुकानाच्या बाई येणार होत्या. त्यांना सहा डब्यांचा नमुना पसंत पडला तर टेबल मावशीचं, कायमचं. नाही पडला तर त्या टेबलासाठी दुसरी एक रंगारीण थांबून होती. भाचीने हे आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. नात्यात आधी वाईट झालेलं बरं, हे तिच्या आईचंच वाक्य.

टेबल गेलं तर मावशीला घरी बसावं लागणार होतं. घरी म्हणजे पुढच्या खोलीत, जिथे तिचा नवरा दिवसभर शिवणाचं मशीन चालवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर माणूस गरीब गाय होते. त्यांनी तिला आडून सुचवलंही होतं की काजं-बटणांचं काम पडून असतं, तूही बसलीस तर दोघांचा वेळ जाईल. त्या प्रेमळ सुचवणीने मावशीच्या अंगावर काटा आला होता. सव्वीस वर्षं पन्नास-पन्नास गुलाब काढलेल्या हाताने मरेपर्यंत बटणं लावायची?

म्हणून ती आठव्यांदा ब्रश बुडवत होती. ब्रशचे केस फार मऊ होते. रंग पातळ होता. झाकण मधोमध किंचित फुगलेलं होतं आणि खिडकीचा उजेड चुकीच्या बाजूने येत होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं तिला कुणी म्हटलं नाही, कारण त्या दिवशी तिच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नव्हतं. बेकरीत निदान एक सोय होती. चूक झाली की सुरीने खरवडायची, तोंडात टाकायची, संपलं. इथली चूक गिळताही येत नव्हती. ती फडक्यावर जाऊन बसायची, आणि फडकं आता इतकं गुलाबी झालं होतं की तेच विकायला ठेवावं असं तिच्या मनात येऊन गेलं.

आठवी गोगलगाय सातवीपेक्षा वाईट निघाली.

संध्याकाळी ती घरी आली ती धुमसतच. मास्तरांनी चहा केला होता. तिने घोट घेत सगळं ऐकवलं: डबा, ब्रश, रंग, उजेड, भाचीची मान, आपला उजवा हात. विशेषतः उजवा हात. हा हात फितूर झालाय, याला लकवा मारलाय, म्हातारपण हातातून सुरू होतं हे खरं आहे. मास्तर चष्म्यावरून बघत होते, पण तिच्या तोंडाकडे नाही, टेबलाकडे.

"तुझा डावा हात काय करतोय?" त्यांनी विचारलं.

मावशीने खाली पाहिलं. डावा हात बशी फिरवत होता. हळूहळू, एका लयीत, कुणी सांगितलेलं नसताना.

"मग उजव्याला कशाला बोल लावतेस? माझी सुई कधी गोल फिरते का? ती आपली जागेवर खाली-वर करते. गोल शिवायचं असलं की कापड फिरवायचं."

मावशीने कप खाली ठेवला. बेकरीत केक एका लोखंडी फिरत्या पाटावर असायचा. सगळे त्याला चाक म्हणत. उजव्या हाताने कोन धरायचा, कोपर टेबलाला टेकवायचं आणि डाव्या हाताने चाक फिरवायचं. सव्वीस वर्षं तिच्या उजव्या हाताने वर्तुळ काढलंच नव्हतं. तो फक्त न हलता थांबायला शिकला होता. वर्तुळं सगळी डाव्याने काढली होती आणि नाव उजव्याचं झालं होतं. संसारातही असंच असतं, हे तिच्या जिभेवर आलं होतं, पण मास्तरांनी चहा केलेला होता म्हणून तिने ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी ती बेकरीत गेली. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, पण मावशीने ते चांगलं अर्धा तास लपवलं. एक पाव घेतला. मालकांच्या गुडघ्यांची चौकशी केली. दुसरा पाव घेतला. तोपर्यंत तिला चाक दिसलं होतं. ते काउंटरवरच होतं आणि त्यावर छापील केकच्या फोटोंचं जाडजूड पुस्तक उभं केलं होतं, गिऱ्हाइकांनी फिरवून फिरवून चित्र निवडावं म्हणून. शेवटी तिने विचारलं तेव्हा मालकांनी क्षणाचाही विचार केला नाही. घेऊन जा हो, नुसती जागा अडवतंय, म्हणाले, आणि पुस्तक उचलून आडवं ठेवलं. त्यांनी थोडी कुरकुर केली असती तर तिला बरं वाटलं असतं. ते लोखंडी धूड दोन पिशव्या एकात एक घालून तिने कारखान्यापर्यंत आणलं, दर विसाव्या पावलाला हात बदलत, आणि दर हात-बदलीला मालकांच्या गुडघ्यांना शाप देत.

पण चाक टेबलावर बसलं, त्यावर डबा बसला, मावशीचं कोपर टेकलं, आणि खोलीतल्या तिघी रंगारणी हळूहळू मागे येऊन उभ्या राहिल्या. तिने टिंब दिलं, श्वास धरला, डाव्या हाताने चाक ढकललं. ब्रश जागच्या जागी थांबून केसभर केसभर बाहेर सरकत गेला आणि गुलाबी वेटोळं आपणहून उलगडत कडेला पोचलं. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. चाकाने नियम मोडला का, याचा भाचीने थोडा वेळ विचार केला. पेन्सिल नव्हती, साचा नव्हता, पुसलं काहीच नव्हतं. ती म्हणाली, चालू दे.

दोन दिवसांत सहा डबे झाले. झाकणावर वेटोळं, पोटावर लालपांढरे तिरपे पट्टे आणि वरच्या कडेला क्रीमची झालर, कमानीला कमान लावून. झालर गोल फिरून जिथे सुरू झाली तिथे परत येते, आणि तिथेच कारागिराची परीक्षा असते. शेवटची कमान पहिलीला भेटते तो सांधा. जागा थोडी उरते नाहीतर थोडी कमी पडते. कच्चा हात तिथे उघडा पडतो. मावशी शेवटच्या दहा कमानींपासूनच मनात माप धरायची आणि सांधा असा जुळवायची की तिला स्वतःलाही सापडू नये. तरी वर एक चेरी ठेवायचीच. सांध्यावर चेरी हा तिचा धर्म होता. इथेही तिने सहाही डब्यांवर सांध्याच्या जागी एक लाल चेरी रंगवली आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा डबे ओळीने मांडून हात कमरेवर ठेवून उभी राहिली. फार दिवसांनी ती स्वतःवर खूश होती.

शनिवारी दुकानवाल्या बाई आल्या. बोलायला नीटनेटक्या, केस नीटनेटके, पर्सही नीटनेटकी. त्यांनी पहिला डबा उचलला, फिरवला. दुसरा उचलला, फिरवला. दोन्ही शेजारी धरून पाहिले. मग तिसरा घेतला, अंगठ्याचं नख पट्ट्याच्या कडेला लावलं आणि खरवडलं.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"स्टिकर छान आहे," बाई भाचीला म्हणाल्या. "पण मला हाताचं काम हवं होतं."

भाचीने शपथा घेतल्या. तिघी रंगारणींनी साक्ष दिली. चाक दाखवलं, ब्रश दाखवले, मावशीच्या नखांतला रंग दाखवला. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मावशी दोनदा पुटपुटली. भाची म्हणाली, आत्ता तुमच्यासमोर एक काढून दाखवते ती. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या, तेच जास्त चीड आणणारं होतं. त्या म्हणाल्या, माझा विश्वास बसला. पण मला दाखवून काय उपयोग? माझ्या दुकानात डबा फळीवर एकटाच बसणार. त्याच्या शेजारी या मावशी बसणार नाहीत. गिऱ्हाईक सहा डबे बघणार, सहाही तंतोतंत सारखे, चेरीसकट, आणि म्हणणार छापील आहेत. यंत्राचं स्वस्तात मिळतं, मग हे का घ्यायचं? मंगळवारी परत येते. ज्यात माणूस दिसतो असे सहा द्या, मी घेते.

त्या गेल्यावर भाची जे बोलायला नको होतं तेच बोलली. मावशी, थोडा हात हलू दे. एखादी रेघ वाकडी जाऊ दे मुद्दाम. काय बिघडतं?

"मुद्दाम?" मावशी म्हणाली. "हा हात हलू नये म्हणून मी सव्वीस वर्षं घातली. आता हलव म्हणतेस?"

तिने एक डबा पिशवीत टाकला आणि घरी निघून आली. यंत्राने तिची नोकरी घेतली होती, ते एकवेळ समजण्यासारखं होतं. आता तिच्या हातालाच लोक यंत्र म्हणत होते. चांगलं केलं तर छापील, वाईट केलं तर गोगलगाय. माणसाने करायचं तरी काय? काउंटरवर ती बाई म्हणाली होती तेच या बाई म्हणाल्या होत्या, फक्त या वेळी तिला 'हो' म्हणायचीही संधी मिळाली नव्हती.

रविवारी सकाळी तिने घरातला बिस्किटांचा रिकामा डबा घेतला आणि मुद्दाम चुकायला बसली. चुकणं तिला वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं. हात हलवला की रेघ थरथरायची, पण ती थरथर खोटी दिसायची, लंगडायचं सोंग घेतलेल्या माणसासारखी. एकदा खरंच चुकली, तर सवयीने तिने ते लगेच फडक्याने पुसून टाकलं आणि मग स्वतःवरच ओरडली. मास्तर पुढच्या खोलीतून उठून आले. तिच्या पिशवीतून वर आलेला कालचा डबा त्यांनी बाहेर काढला, खिडकीशी नेला आणि कापड तपासावं तसा डोळ्यांजवळ धरून फिरवू लागले. झालरीवरून बोट नेत नेत ते चेरीपाशी आले आणि तिथे थांबले. चेरी नखाने उचलायला गेले. ती अर्थातच निघाली नाही.

"इथे घोटाळा आहे," ते म्हणाले. "केकवरची चेरी उचलता यायची. ही कशी उचलणार?"

"उचलायची कशाला?"

"सांधा बघायला."

मावशीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. चेरीखाली सांधा असतो हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं तिने विचारलं. मास्तरांना प्रश्नच कळला नाही. घरात केक कोण कापायचं, त्यांनी उलट विचारलं.

बेकरीत कडेला दबलेला, पुढे न ठेवता येणारा केक असला की ती घरी आणायची. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. कापायचे मास्तर, कारण कात्री असो की सुरी, कापणं हे त्यांचं खातं. आणि आता तिला आठवलं की ते सुरी कायम चेरीपाशीच घालायचे. आधी चेरी उचलून तिच्या बशीत ठेवायचे. यांना चेरी आवडत नाही, असंच ती इतकी वर्षं समजत होती.

"मला आवडते की चेरी," मास्तर म्हणाले. "पण तेवढी उचलली की बघायला मिळायचं, आज कसा जुळवलाय. बहुतेक वेळा काही सापडायचं नाही. कधी केसाएवढी फट असायची."

"आणि इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलला नाहीत?"

"दुसऱ्याची शिवण दिसली म्हणून कारागीर बोलून दाखवतो होय?"

मावशी चिडली, आणि का चिडली हे तिला नीट सांगता आलं नसतं. सव्वीस वर्षं ती ज्याची लाज बाळगून चेरी ठेवत होती ते हा माणूस चहाबरोबर निवांत बघत बसला होता. ती म्हणाली, मग ती फट दिसली की मनातल्या मनात हसत असाल. मास्तरांनी डबा खाली ठेवला आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"हसायचं काय त्यात? सांधा ढिला असला की कळायचं, आज उभं राहून राहून तुझी कंबर गेलीय. त्या दिवशी मी भांडी घासायला घ्यायचो."

एवढं बोलून ते पुढच्या खोलीत गेले, कारण एका गिऱ्हाइकाला बाह्या दुपारी हव्या होत्या. मशीन सुरू झालं. मावशी बसल्या जागी बसून राहिली. मास्तर न सांगता भांडी घासायचे तसे दिवस तिला आठवत होते, चांगले आठवत होते, कारण दर वेळी तिला वाटायचं की यांनी काहीतरी फोडलंय नाहीतर हरवलंय आणि आता ते हळूच सांगणार आहेत. ती त्यांच्यावर नजर ठेवून असायची. एकदा तर तिने कपाटातले पेलेही मोजले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला, कारण बोटं टर्पेंटाइनची होती आणि पुसायची सोय नव्हती.

सोमवारी ती कारखान्यात पहिली पोचली. चाक पुसलं, सहा कोरे डबे काढले. मग लाल रंगाच्या दोन बाटल्या होत्या, त्यातली पट्ट्यांसाठीची ठेवली आणि चेरीसाठीची गडद लाल भाचीच्या हातात दिली.

"ही लपवून ठेव," ती म्हणाली. "मी मागितली तरी देऊ नकोस. ओरडले तरी देऊ नकोस."

तिने हात मुद्दाम हलवला नाही. वेटोळं जसं येत होतं तसं काढलं, पट्टे जसे येत होते तसे. फक्त झालर सुरू करताना समोरच्या बाजूने केली, म्हणजे सांधाही समोरच पडेल, आणि शेवटच्या दहा कमानींचं माप मनात धरायचं नाही असं ठरवलं. ते फार जड गेलं. पहिल्या डब्यावर शेवटच्या कमानीला जागा कमी पडली आणि ती बिचारी दोघींच्या मध्ये अंग चोरून बसली. ब्रश उचलला तिथे रंगाचं छोटंसं टोक वर राहिलं, कोन उचलल्यावर क्रीमचं राहतं तसं. ते टोक बोटाने दाबून बसवायला तिचा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा तिने तो परत घेतला. परकर दिसत असताना रस्त्याने चालावं तसं तिला वाटत होतं. तिसऱ्या डब्यापर्यंत तिने दोनदा ती बाटली मागितली. भाचीने दिली नाही. मावशी ओरडली. भाची चहा करायला निघून गेली.

दुपारनंतर कंबर दुखायला लागली आणि पाचव्या डब्याचा सांधा चांगलाच ढिला पडला. दोन कमानींच्या मध्ये नखाएवढा कोरा पत्रा राहिला. मावशी त्याकडे बराच वेळ बघत होती. मग तिने तो तसाच फळीवर वाळायला ठेवला.

मंगळवारी दुकानवाल्या बाई आल्या तेव्हा मावशी मुद्दाम मागे, फळ्यांजवळ उभी राहिली. भाचीने डबे मांडले होते, आणि मांडताना दयाबुद्धीने सगळे सांधे भिंतीकडे केले होते. बाईंनी पहिला उचलला, फिरवला, खाली ठेवला. दुसरा उचलला, खाली ठेवला. नख लावलं नाही, पण चेहऱ्यावर काही दिसतही नव्हतं. चाकावर काढलेलं वेटोळं शनिवारच्याइतकंच चोख होतं. त्यात यंत्र शोधणाऱ्याला यंत्रच सापडलं असतं. मग त्यांनी पाचवा घेतला. झालरीवरून त्यांचं बोट फिरत फिरत गेलं आणि त्या नखाएवढ्या कोऱ्या जागेत जाऊन थांबलं.

"इथे काय झालंय?"

भाचीने काहीतरी सांभाळून घेण्यासाठी तोंड उघडलं. पण मावशी पुढे आली होती.

"इथे मी हात उचलला," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या जागेकडे, मग परत तिच्याकडे. पाचवा डबा हातातच ठेवून दुसऱ्या हाताने त्या बाकीचे डबे एकेक करून फिरवू लागल्या, प्रत्येकावर ती जागा सापडेपर्यंत. पहिल्यावरची अंग चोरलेली कमान सापडली. तिसऱ्यावर दोन कमानी एकमेकींवर चढल्या होत्या, त्या सापडल्या. सगळे सापडल्यावर त्यांनी सहाही डबे ओळीने लावले, सांधे पुढे करून, अगदी समोरून दिसतील असे, आणि भाचीला म्हणाल्या, दुकानातही असेच लावू.

मावशीला ते बघवेना. तिचे हात डबे परत फिरवून ठेवायला शिवशिवत होते. ती वळली, खिडकीजवळच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि चाकावर सातवा डबा ठेवला.